वंगण

पाव ज्या कागदात बांधून आला होता, त्या कागदावर तिला आपल्या मुलीचं नाव दिसलं. शाळेतलं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. घरात ते कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. ते फक्त प्रगतिपुस्तकावर आणि लशीच्या कार्डावर असायचं. घरात ती भिंगरी होती. संध्याकाळी कारखान्यातून येताना तिनं कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेतला होता. बेकरीवाल्याकडची रद्दी संपली असणार, म्हणून त्यानं गल्ल्याजवळच्या पत्रकांच्या गठ्ठ्यातलं एक ओढलं आणि पाव बांधून दिला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. तिनं पाव ताटलीत काढला, कागद ओट्यावर पसरला, तळव्यानं सुरकुत्या मोडल्या आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. वर नाव, त्याखाली ‘स्मृती क्रीडांगण’, त्याखाली ‘आपलाही हातभार लागू द्या’. मग चित्र. हिरवं गवत, पिवळी घसरगुंडी, चार गुटगुटीत पोरं आणि चौघांच्याही तोंडावर एकच हसू. चित्राखाली कायकाय असणार त्याची यादी होती आणि सगळ्यांत शेवटी, चौकटीत, जाड अक्षरांत लिहिलं होतं: ‘झोका नसलेलं, संपूर्ण सुरक्षित क्रीडांगण’. तिनं ते दोनदा वाचलं. मागे चहा उतू गेला, बर्नर विझला, गॅसचा वास आला, तेव्हा कुठे तिचा हात बटणाकडे गेला.

झोका नसलेलं. म्हणजे ज्या पोरीनं आयुष्यात झोक्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही, घसरगुंडीला जी ‘बाळांची’ म्हणायची आणि वाळूत खेळणाऱ्यांना मांजरं म्हणायची, तिच्या नावाच्या मैदानात घसरगुंडी असणार, वाळू असणार आणि झोका तेवढा नसणार. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या आठ महिन्यांत तिला रडू आलं होतं, झोप येईनाशी झाली होती, जेवण नकोसं झालं होतं. राग मात्र असा कधी आला नव्हता, आणि आता आला तसं तिला जरा बरंच वाटलं, अंगात कुणीतरी परत राहायला आल्यासारखं. पहिले दोन महिने वसाहतीतलं कुणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं. जिन्यात ती दिसली की लोक पिशव्यांत काहीतरी शोधायला लागायचे. तिसऱ्या महिन्यात समितीचे अध्यक्ष फाईल घेऊन घरी आले. पाणीखात्यातून निवृत्त झालेला भला माणूस, बोलताना चष्मा काढून पुसायचा. ‘ताई, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय,’ म्हणाले. बैल गेला आणि झोपा केला, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण निदान झोपा तरी करतायत, असंही वाटलं, आणि तिनं मान हलवली. त्यानंतर तिच्या मुलीच्या नावाचा जो काही गाडा सुरू झाला तो थांबेचना. औषधांच्या दुकानात फोटो चिकटवलेला डबा. शाळेत केकची विक्री. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून विकल्या, प्रत्येकीवर एक फूल. दर रविवारी श्रमदान. बँकेतले, पोस्टातले, ज्यांनी जन्मात कुदळ धरली नव्हती असे लोक हातमोजे घालून खड्डे खणायचे आणि खड्ड्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. डब्यावरचा भिंगरीचा फोटो शाळेतला होता. दोन वेण्या, मान सरळ, ओठ मिटलेले. तो बघून कुणालाही वाटावं की ही पोर जन्मात कुणाला चावली नसेल.

आणि भिंगरी चावायची. बालवाडीपासून चावायची. फ्रॉकची कॉलर चावून चावून तिनं सगळ्या कॉलरींची वाट लावली होती. खोटं बोलायची, तेही पकडलं जाणार हे माहीत असताना, निव्वळ गंमत म्हणून. झोक्यावर ती बसायची नाही, उभी राहायची. गुडघे वाकवून, दात काढून, साखळ्या धरून असा जोर करायची की खालच्या मुली किंचाळायच्या. ‘आई, वरून तुझ्या कारखान्याची चिमणी दिसते,’ म्हणायची. ते खोटं होतं, मधे चार मजल्यांच्या इमारती होत्या. पण ‘दिसते का गं?’ म्हटलं की ‘धूर काळा आहे, आज साहेब चिडलाय’ असं ठोकून द्यायची. भिंगरी हे नाव तिला पडलं ते बेअरिंगमुळे. ती तीन वर्षांची असताना आईनं कारखान्यातून एक रिजेक्ट झालेलं बेअरिंग घरी आणलं होतं, बांगडीएवढं, आणि पोर दिवसभर ते बोटावर फिरवत बसायची. पुढे आई काय काम करते ते कळल्यावर ती ते कानाशी धरून फिरवायची, डोळे मिटायची आणि जज्जासारखं सांगायची, ‘रिजेक्ट!’ शाळेत कुणीतरी विचारलं, तुझी आई काय करते? तर म्हणाली, माझी आई लोखंडाचं ऐकते.

ते मात्र खोटं नव्हतं. ती एकोणीस वर्षं लोखंडाचंच ऐकत होती. कारखान्यात आता आवाज मोजायचं यंत्र आलं होतं, काचेवर हिरव्या रेघा नाचायच्या. पण माल मोठा असला आणि शंका आली की साहेब तिलाच हाक मारायचे. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, भिंतींना जाड कापड लावलेली, दार बंद केलं की स्वतःचं रक्त ऐकू येईल इतकी शांत. तिथे ती बेअरिंग हातात घ्यायची, आतली कडी बोटांवर धरायची, बाहेरची फिरवायची आणि कानाशी न्यायची. चांगलं बेअरिंग कुजबुजल्यासारखं फिरतं आणि हळूहळू गप्प होतं. वाईट असेल तर त्यात कुठेतरी एक खडा लागतो. दुसऱ्याला लागत नाही, तिला लागायचा. हे तिला शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातातून बेअरिंग काढून घेतलं होतं, कारण त्याला ग्रीस होतं. ‘आधी धुवायचं, मग ऐकायचं,’ म्हणाले होते. ‘वंगणाखाली सगळंच गुळगुळीत वाटतं, बाई. वंगण खोटं बोलतं.’ मग ते रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, वाऱ्यानं सुकवून त्यांनी परत तिच्या हातात दिलं, आणि त्यात तिला खडा ऐकू आला होता. पावाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती त्या खोलीत बसली आणि तिला काहीच ऐकू येईना. म्हणजे फार ऐकू येत होतं. प्रत्येक बेअरिंगमध्ये तिला झोका ऐकू येत होता, जुना, ‘कुईं’ करून वर जाणारा आणि ‘कटक’ करून परतणारा, आणि प्रत्येक वेळी तो आवाज एका ठिकाणी यायचा, तिथे ती घाईघाईनं दुसरं बेअरिंग उचलायची. दुपारपर्यंत तिनं अख्खा ट्रे लाल रंग लावून बाजूला काढला. साहेबांनी तो यंत्रावर घालून पाहिला, सगळी ठीक निघाली. ‘आज राहू द्या,’ ते म्हणाले, अगदी मऊपणे. आणि तो मऊपणाच तिला सहन झाला नाही. आठ महिने सगळं जग तिच्याशी मऊ बोलत होतं. एकानं तरी खेकसायला हवं होतं.

ती झोका मागणार होती. तिचं तेवढंच ठरलं होतं, आणि तेवढं ठरल्यावर बाकीचं सगळं बारीक वाटायला लागलं. पाहिजे तर नाव काढा, फोटो काढा, फुलांच्या पिशव्या परत घ्या, पण झोका हवा. ज्या मैदानात झोका नाही ते भिंगरीचं नव्हे. ते तिला शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं करण्यासारखं होतं. जणू तिनंच काही केलं होतं, जणू झोका खेळणं हाच गुन्हा होता आणि आता बाकीच्या पोरांनी त्यातून धडा घ्यायचा होता. गुन्हा कुणाचा होता ते तिला पाठ होतं. अपघाताआधी दोन वर्षं तिनं समितीला स्वतःच्या हातानं चिठ्ठी दिली होती, तिच्या धंद्याच्या भाषेत: झोक्याचे वरचे आकडे आणि कड्या एकमेकांवर घासून झिजल्या असणार, बदलून घ्याव्यात. सभेच्या कागदात ‘झोका दुरुस्ती’ हा विषय आला आणि पुढच्या सभेत ढकलला. तिनं पुन्हा आठवण केली, तर त्याच्याही पुढच्या. मग कुंपणाला रंग द्यायचं निघालं. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण माणूस कितीदा सांगणार? आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानात गेली तेव्हा तिथे झोका नव्हताच. जमिनीतून चार लोखंडी खुंट वर आलेले होते, वितीएवढे, गॅसनं कापलेले, अजून कोमट. वेल्डरला पहाटेच बोलावून अध्यक्षांनी सगळा सांगाडा कापून भंगारात पाठवला होता. ‘ताई, तुमच्या डोळ्यांसमोर नको म्हणून,’ ते म्हणाले होते, आणि खरंच रडत होते. तिला तो आकडा हातात घेऊन बघायचा होता. आयुष्यभर तिनं तुटलेले तुकडे हातात घेऊन कशानं तुटलं ते सांगितलं होतं, आणि एकच तुकडा, जो तिला बघायलाच हवा होता, तो लोकांनी तिच्यावरच्या मायेनं वितळवायला धाडला. पुढे वेल्डरनं, तिनं फार धरून विचारलं तेव्हा, खाली बघत सांगितलं होतं, ‘एक आकडा घासून घासून सुईएवढा राहिला होता, ताई. आणि सगळा ग्रीसनं भरलेला.’

रविवारी सकाळी ती मैदानात पोचली तेव्हा श्रमदान रंगात आलं होतं. घसरगुंडी उभी राहिली होती, वाळूच्या हौदाला कडेनं विटा लागत होत्या. ती दिसताच कामं थबकली आणि कुणीतरी खुर्ची आणली. ही यांची नेहमीची रीत होती. ती आली की खुर्ची यायची, खुर्ची सावलीत ठेवली जायची, पाण्याचा ग्लास यायचा, आणि तिनं वीट उचलायला हात घातला की चार हात पुढे यायचे. ‘तुम्ही नुसत्या बसा. तुम्ही काही करायचं नाही.’ आठ महिने तिला कुणी काही करू दिलं नव्हतं. आपल्याच मुलीच्या मैदानात ती पाहुणी होती.

‘बसा वहिनी,’ शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. ‘ऊन वाढतंय.’

‘मला बसायचं नाही. अध्यक्ष कुठे आहेत?’

अध्यक्ष हौदापाशी होते, हातात मोजपट्टी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिनं पर्समधून पत्रक काढून त्यांच्यापुढे धरलं. पावाचे तेलकट डाग त्यावर तसेच होते. ‘हे कुणी लिहिलं?’

‘का, ताई? काही चुकलं का?’

‘झोका का नाही?’

त्यांनी चष्मा काढला. पुसायला लागले. ‘ताई, आम्हांला वाटलं, तुम्हांला... म्हणजे, रोज इथून जाता-येता...’

‘तुम्हांला फार वाटतं. झोका कापताना वाटलं, फोटो चिकटवताना वाटलं. दोन वर्षं माझी चिठ्ठी फाईलमध्ये होती तेव्हा काही वाटलं नाही का?’ तिचा आवाज तिलाच अनोळखी लागला. ‘झोक्यानं नाही मारलं तिला. झोका काय करणार? न बघणाऱ्यांनी मारलं. आता झोकाच नको म्हणजे बघायलाही नको, होय ना? सोयीचं आहे.’

कुदळी थांबल्या होत्या. पोस्टातल्या साहेबांनी हातमोजे काढले आणि परत घातले. वेल्डर घसरगुंडीच्या शिडीला टेकून उभा होता, तो हळूच म्हणाला, ‘मी देईन करून. दोन दिवसांचं काम आहे. पैसे नकोत.’

‘तू थांब रे जरा,’ अध्यक्ष त्याला म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तिला पहिल्यांदाच मऊपणाच्या खाली काहीतरी टणक दिसलं. ‘चिठ्ठीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, ताई. ते माझ्या डोक्यावर आहे, ते मी नाकारत नाही. पण झोका नको, हे समितीनं ठरवलेलं नाही. पेंटर स्वतः येऊन सांगून गेले. हात जोडून. काहीही करा, झोका नको म्हणाले. तुम्हांला बोलले असतील असं आम्ही धरून चाललो.’

पेंटर म्हणजे तिचा नवरा. सगळी वसाहत त्याला तसंच म्हणायची. वसाहतीतल्या एकूण एक दुकानाची पाटी त्याच्या हातची होती, बेकरीचीसुद्धा. दर रविवारी सकाळी तो या मैदानात खड्डे खणून जायचा, सगळ्यांत खोल, कुणाशी न बोलता, आणि दुपारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्मारकाचा बोर्ड रंगवायचा. आज तो खणायलाही आला नव्हता. तिनं पत्रकाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि निघाली. मागून शिवणकामवाल्या बाई ‘अहो वहिनी, पाणी तरी...’ म्हणत चार पावलं आल्या आणि थांबल्या.

रस्ता सात मिनिटांचा होता. सात मिनिटं ती नवऱ्याशी मनातल्या मनात भांडली. मला न विचारता. माझ्या पाठीमागे. त्या लोकांपुढे हात जोडून. आठ महिने हा माणूस जेवायच्या वेळी ताटात बघत जेवला, झोपायच्या वेळी भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि बोलायचं होतं तेव्हा जाऊन बोलला कुणाशी, तर अध्यक्षांशी! औषधांच्या दुकानापाशी डब्यावरून ती ओठ मिटलेली पोर तिच्याकडे बघत होती. ती पुढे गेली, आणि मग, भांडण अगदी भरात आलेलं असताना, तो आवाज आला, कुईं, कटक, आणि या वेळी उचलायला दुसरं बेअरिंग नव्हतं. अपघाताच्या दीड महिना आधीची दुपार. ती पहिल्या पाळीवरून आली होती. त्या दिवशी चारशे बेअरिंगं ऐकली होती, कान सुजल्यासारखे झाले होते, आणि खिडकीतून झोका वाजत होता. वसाहतीतले सगळेच वैतागले होते. अध्यक्षांची दुपारची झोप मोडत होती, तेही दोनदा म्हणाले होते, कुणीतरी वंगण घाला रे. पण नवऱ्याला उठवलं होतं तिनं. ‘अहो, जरा वंगण घाला हो त्याला,’ ती म्हणाली होती, ‘डोकं उठलंय माझं.’ आणि संध्याकाळी झोका गप्प झाल्यावर तिला किती गाढ झोप लागली होती. तिला. जिच्या कानावर कारखाना चालायचा तिला. आवाज बंद झाला म्हणजे झिजलेलं लोखंड भरून आलं नाही, हे त्या अख्ख्या वसाहतीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस खिडकी उघडी टाकून झोपला होता. ती रस्त्यात उभी राहिली. एक सायकलवाला घंटी वाजवत तिला वळसा घालून गेला.

शेडमध्ये टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. तो स्टुलावर बसून बोर्डावर वाकला होता, डाव्या हातात मनगट टेकायची काठी, उजव्यात बारीक ब्रश. पाटीवर अध्यक्षांच्या कवितेच्या दोन ओळी होत्या, एक कळी उमलण्याआधीच देवाला आवडली अशा अर्थाच्या, निळ्या अक्षरांत. दुसरी ओळ अजून ओली होती. अक्षरं सुरेख होती. हात नासला नव्हता त्याचा.

‘तुम्ही सांगितलंत, झोका नको म्हणून?’

ब्रश उचलला गेला. ‘हो.’

‘मला न विचारता?’

‘तुला विचारून काय झालं असतं? तू हो म्हणाली असतीस.’

‘म्हणालेच असते! तिचं दुसरं काय होतं त्या मैदानात? सांगा ना, काय होतं? देवाला आवडली म्हणे. देवाला आवडली असती तर त्यालाही चावली असती ती. हे रंगवताना तुमचा हात कसा उठतो?’

त्यानं ब्रश डब्याच्या कडेला निपटला, आडवा ठेवला. मग ब्रशकडेच बघत म्हणाला, ‘मी वंगण घातलं होतं.’

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आठ महिने हे वाक्य त्या घरात होतं. ताटांच्या मधे होतं, अंथरुणात दोघांच्या मधे होतं. दोघंही त्याच्या कडेकडेनं चालत होते.

‘मी सांगितलं होतं घालायला,’ ती म्हणाली.

‘तू म्हणालीस, आवाज बंद करा. वर मी चढलो होतो. शिडी लावून. आकडा इथे होता, इथे,’ त्यानं तळहात चेहऱ्यासमोर वीतभर धरला. ‘तुला दिसलं नाही, तू घरात होतीस. मला दिसायला हवं होतं. मी बघितलंच नाही गं त्याच्याकडे. मी ग्रीसकडे बघत होतो. नवा शर्ट होता, सांडू नये म्हणून.’ त्यानं हात खाली घेतला. ‘आणि ती खाली उभी होती. शिडी धरून. उतरलो तर तोंड फुगवलेलं. म्हणाली, बाबा, तुम्ही त्याचं तोंड का बंद केलंत? मी म्हटलं, आईचं डोकं दुखतं. तर म्हणाली, तो बोलत होता ना.’

हे तिला माहीत नव्हतं. आठ महिन्यांत पोरीचं एकही नवं वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं, सगळी जुनीच होती, हाताळून झिजलेली. आणि हे एक त्यानं एकट्यानं दाबून ठेवलं होतं. तिला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, खरोखरच हात वळला तिचा. आणि त्याच वेळी तिला भिंगरी दिसली, त्या शिडीपाशी, कॉलर चावत, डोळे मिटून, कान वर करून ऐकणारी. लोखंडाचं ऐकणारी. त्या दिवशी त्या घरात ऐकणारं एकच माणूस होतं आणि ते नऊ वर्षांचं होतं. तिला रडू फुटलं ते मोठ्यानं, तोंड उघडून, आणि तो उठून तिच्याजवळ आला नाही. तिथेच स्टुलावर बसून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, तोही तसाच रडला. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ बंद केला.

बऱ्याच वेळानं तिनं खिळ्यावरची चिंधी घेतली, टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि बोर्ड पुसायला लागली. ओली ओळ एका हातात गेली. वरची वाळली होती, तिला जोर लागला, निळं पाणी तिच्या कोपरापर्यंत आलं. तो बघत राहिला. मग त्यानं दुसरी चिंधी घेतली आणि दुसऱ्या टोकापासून पुसायला लागला.

बोर्ड पुन्हा पांढरा झाला तेव्हा त्यानं विचारलं, ‘काय लिहू?’

तिनं सांगितलं. तो एकदा तिच्याकडे बघून म्हणाला, ‘असं कुणी लिहितं का स्मारकावर?’ पण काठी टेकून त्यानं पेन्सिलच्या रेघा मारायला घेतल्या होत्या. दिवे लागायच्या आधी तो स्वतः उठून अध्यक्षांकडे गेला आणि झोका हवा म्हणून सांगून आला.

महिन्यानं मैदान उघडलं. झोका वेल्डरनं केला होता, चांगला जाड. वरचे आकडे आणि कड्या तिनं एकेक करून स्वतः तपासल्या होत्या, तीन परत पाठवल्या होत्या, आणि झोका टांगायच्या दिवशी शिडीवर ती चढली होती. खुर्ची घेऊन येणाऱ्या माणसाला तिनं असं काही बघितलं की तो अर्ध्या वाटेतून ती घेऊन परत गेला. बोर्ड झोक्याशेजारीच रोवला होता, कपड्यानं झाकून. अध्यक्षांनी कपडा काढला आणि वाचायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. वर नाव होतं, दोन्ही नावं, शाळेतलं आणि घरातलं. खाली कळी नव्हती, देव नव्हता. ठळक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं:

‘हा झोका वाजू लागला तर वंगण घालू नका. खाली उतरा. शिडी आणा. वर चढून आकडे बघा.’

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. ‘ताई,’ ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘हे... माझी चिठ्ठीची चूक तुम्ही खुशाल लिहा, मी मान खाली घालीन. पण हे असं? येणारे-जाणारे वाचतील. विचारतील, वंगण कुणी घातलं होतं?’

‘विचारू दे,’ ती म्हणाली.

तिच्या शेजारून नवरा पुढे झाला. त्यानं पिशवीतून निळ्या रंगाचा छोटा डबा काढला, झाकण उचकटलं आणि तो तिच्या हातात दिला. मग बोर्डासमोर जमिनीवर बसला. पेंटर लोक जिथे आपलं नाव घालतात त्या खालच्या कोपऱ्यात त्यानं आधी आपलं नाव लिहिलं, सावकाश. मग मान वळवून वर तिच्याकडे पाहिलं. तिनं डबा थोडा खाली धरला, ब्रश बुडेल असा. मागे कुणाचीतरी पोर धीर न धरवून झोक्यावर चढली होती, उभी राहूनच, आणि तिच्या आईनं ‘बस गं, नीट बस!’ म्हणून आरडाओरडा चालवला होता. ती वळली नाही. नवरा आपल्या नावाशेजारी तिचं नाव लिहीत होता, तिला डबा हलू द्यायचा नव्हता. ती तशीच, बोर्डाकडे तोंड करून, पाठीमागच्या साखळ्यांचा आवाज ऐकत उभी राहिली.